मान धरण्यापासून शाळेपर्यंत

बालकाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्या वेगाने वाढतो, तो वेग आयुष्यात पुन्हा येत नाही. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास मेंदूचे आकारमान प्रौढाच्या जवळजवळ चार पंचमांश झालेले असते. या काळात चेतापेशींमध्ये असंख्य जोडण्या तयार होतात. वापरातल्या पक्क्या होतात, बिनवापराच्या गळून जातात. अकाली जन्म, जन्मताना प्राणवायूची कमतरता किंवा एखादा जनुकीय दोष यांमुळे मेंदूच्या एका भागाचे काम अडले, तर दुसरा भाग ते काही प्रमाणात अंगावर घेऊ शकतो. ही लवचिकता लहानपणी सर्वाधिक असते. म्हणूनच विकासात मागे पडणाऱ्या मुलांवरचे उपचार शक्य तितक्या लवकर सुरू करतात. सरकारी परिभाषेत त्याला ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. पालकांच्या बोलण्यात मात्र तो सरळ ‘थेरपी’ असतो.

मूल मागे पडत आहे हे ठरवायचे, तर आधी सर्वसाधारण वाढीचा पल्ला माहीत हवा. मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे हा क्रम घरोघरी ठाऊक असतो, पण त्याची मुदत वाटते त्यापेक्षा बरीच सैल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणातून २००६ मध्ये जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराशिवाय चालणे सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकते. काही निरोगी मुले तर गुडघ्यांवर रांगतच नाहीत. भारतात या विषयाचा पाया बडोद्यात घातला गेला. प्रमिला फाटक यांनी तिथल्या बालकांच्या अभ्यासातून १९७० मध्ये भारतीय मुलांसाठी मापदंड मांडले, आणि १९९७ मध्ये सुधारलेली त्यांची चाचणी आजही बालविकास केंद्रांत वापरली जाते. त्याच मापदंडांतून सतरा गोष्टी निवडून केरळमध्ये त्रिवेंद्रम तक्ता तयार झाला. वयाच्या रेषेवर पट्टी ठेवली की दोन वर्षांपर्यंतचे मूल कुठे मागे आहे, ते अंगणवाडी सेविकेलाही काही मिनिटांत कळते.

एखादा टप्पा उशिरा येणे आणि धोक्याची खूण असणे यांत फरक आहे. चार-पाच महिन्यांत मान न धरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे, वर्षाच्या आतच एकाच हाताचा वापर करणे, नऊ-दहा महिन्यांत आधाराशिवाय न बसणे, वर्षाच्या सुमारास नावाने हाक मारल्यावर न पाहणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे, या खुणा दिसल्या की तपासणी लांबवू नये. आलेले बोलणे किंवा हसणे मावळले, तर त्यासाठी कोणत्याही वयाची अट नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. इथे सर्वाधिक नुकसान करणारा सल्ला बहुधा प्रेमानेच दिला जातो: याचे वडीलही चार वर्षांचे झाल्यावर बोलले, मुलगे उशिराच बोलतात, शाळेत घातला की सुधारेल. काही मुले खरोखर आपोआप सावरतात. पण कोणते मूल सावरेल हे आधी सांगता येत नाही. तपासणी निष्फळ ठरली तर एक दिवस जातो, वाट पाहणे चुकले तर हाती न येणारी वर्षे जातात.

काही मुलांच्या बाबतीत तर खुणांची वाटही पाहायची नसते. कमी वजनाची, दिवस पूर्ण न झालेली, जन्मतः न रडलेली, तीव्र कावीळ किंवा झटके आलेली बाळे अतिदक्षता कक्षातून घरी जातात, तेव्हाच त्यांच्या पुढच्या तपासण्यांच्या तारखा ठरायला हव्यात. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा नेत्रपटल जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. फारच लहान बाळांचा त्याहून लवकर. हा एक महिना चुकला तर टाळता आले असते असे अंधत्व येऊ शकते. थायरॉइडची जन्मजात कमतरता टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून कळते. रोजची एक स्वस्त गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, तर बहुतेक मुलांची बुद्धी सामान्य राहते. न कळल्यास कायमचे मतिमंदत्व येते. लवकर उपचारांचे इतके स्पष्ट उदाहरण वैद्यकात दुसरे क्वचितच सापडेल. ऐकण्याच्या बाबतीत १-३-६ हा नियम आहे: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि भाषेचे काम सुरू. अमेरिकेतील कोलोराडोमध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखलेली मुले उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा भाषेत स्पष्टपणे पुढे होती.

थेरपीच्या शाखा पालकांना आरंभी गोंधळात टाकतात. फिजिओथेरपी उठणे, बसणे, चालणे, तोल, स्नायूंचा ताठरपणा यांकडे पाहते. ऑक्युपेशनल थेरपीचा भर हातांची कामे, जेवण, कपडे, खेळ आणि आवाज, स्पर्श, हालचाल यांना मुलाकडून मिळणारा प्रतिसाद यांवर असतो. स्पीच थेरपी फक्त उच्चारांसाठी नसते. समजणे, खुणा करणे, चावणे-गिळणे हेही तिच्यातच येते. विशेष शिक्षक आणि मानसतज्ज्ञ यांची गरज थोडी पुढे पडते. मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली बिघडतात अशा सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांत गेल्या काही दशकांत मोठा बदल झाला आहे. लंडनमध्ये कारेल आणि बर्टा बोबाथ या दांपत्याने रुजवलेल्या पद्धतीत थेरपिस्ट आपल्या हातांनी मुलाची हालचाल घडवून आणत असे, आणि अनेक पिढ्यांचे फिजिओथेरपिस्ट तीच शिकले. नंतरच्या संशोधनाचा कौल वेगळा आला. मुलाने स्वतःहून, त्याला हव्या असलेल्या कारणासाठी, खऱ्या वस्तूबरोबर पुन्हापुन्हा केलेली हालचाल मेंदूत अधिक रुजते. आईने हात धरून वाजवलेल्या खुळखुळ्यापेक्षा मुलाने स्वतः धडपडून गाठलेला खुळखुळा मोलाचा. निदानही आता दोन वर्षांपर्यंत थांबत नाही; बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींचे निरीक्षण आणि मेंदूची छायाचित्रे यांच्या आधारे पाच-सहा महिन्यांतही सेरेब्रल पाल्सीचा दाट धोका सांगता येतो.

थेरपी सेंटरमध्ये मूल आठवड्यातून दोनदा पाऊण तास जाते. म्हणजे दीड तास. लहान मूल आठवड्याला साधारण ऐंशी तास जागे असते. उरलेल्या साडेअठ्ठ्याहत्तर तासांत काय होते यावर उपचारांचे यश अवलंबून आहे, आणि चांगला थेरपिस्ट ओळखायची पहिली कसोटीही हीच: तो पालकांना दाराबाहेर बसवतो, की आत घेऊन शिकवतो? फी देऊन मूल सोपवायचे आणि तासाने परत न्यायचे ही रीत शहरांत रुळली आहे. ती मोडायला हवी.

घरी करायचे काम म्हणजे घरात दवाखाना थाटणे नव्हे. आंघोळ, जेवण, कपडे, झोप ही रोज ठरलेल्या वेळी येणारी कामे असतात आणि त्यांतच सराव बसवता येतो. तेल लावताना हातापायांची नावे घेतली, मध्येच थांबून बाळाच्या हुंकाराची वाट पाहिली, की तो संवादाचा धडा होतो. मात्र बाळाला उलटे टांगणे, सांधे ओढणे, नाका-कानात तेल सोडणे पूर्ण टाळावे. जागेपणी बाळाला थोडा थोडा वेळ पालथे घातल्याने मान आणि खांदे बळकट होतात. झोपवायचे मात्र पाठीवरच. भाकरीचा तुकडा, उकडलेल्या गाजराची फोड, वाटीतल्या पोह्यांचे दाणे यांतून बोटांची पकड येते, पण चण्या-शेंगदाण्यांसारखे कडक दाणे घशात अडकतात, ते चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत. चड्डी वर ओढण्याची शेवटची पायरी मुलाला करू द्यावी. ती जमली की तिच्या आधीची. डबे, झाकणे, परात, कणकेचा गोळा यांनी जे साधते, त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. ढकलत नेण्याचा लाकडी पांगुळगाडा, पायांत थोडे बळ आल्यावर आणि कोणी जवळ असताना, चालेल. मूल आत बसवायचा प्लॅस्टिकचा वॉकर नको. त्याने चालणे लवकर येत नाही, आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात इतके झाले की कॅनडाने २००४ मध्ये त्यावर सरळ बंदी घातली.

भाषेच्या बाबतीत तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या: मुलाच्या उंचीवर येणे, ते ज्याकडे पाहते त्याविषयी बोलणे, आणि त्याला उत्तर द्यायला वेळ देणे. तिसरी गोष्ट बहुतेकांना जमत नाही. हे काय, ते काय, म्हण बघू, असा प्रश्नांचा मारा झाला की मूल गप्प होते. त्याने ‘भूभू’ म्हटले तर ‘हो, काळा भूभू पळाला’ एवढी भर पुरेशी असते. बोलणे उशिरा आले की घरातली मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, असे आजही काही शाळा सुचवतात. त्याला आधार नाही. दोन भाषा ऐकल्याने भाषिक दोष निर्माण होत नाही, आणि पालकांना मोकळेपणाने येत नाही अशा भाषेत तोडकेमोडके बोलल्याने मुलाचे ऐकणे मात्र कमी होते. आजीची भाषा तोडणे हे त्या मुलाचे दुहेरी नुकसान आहे. मोबाइलबाबत तज्ज्ञांचे एकमत आहे: इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून पूर्ण दूर ठेवायला सांगते, अपवाद दूरच्या नातलगांशी व्हिडिओ कॉलचा. जेवताना लावलेल्या कार्टूनने घास आत जातो, पण तोंड, हात आणि समोरचे माणूस यांच्यातला सगळा व्यवहार थांबतो.

साध्या माणसांनी घरोघरी जाऊन केलेल्या कामाचा परिणाम किती टिकतो, याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा जमैकात सापडतो. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात किंग्स्टनमधील वाढ खुंटलेली १२९ बालके अभ्यासासाठी घेतली. काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवत. खेळणीही टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी या गटाची कमाई, असा खेळ न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. ऑटिझमच्या बाबतीत असा प्रयोग गोव्यात झाला. ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यात आणि पाकिस्तानातील सहकाऱ्यांनी रावळपिंडीत मिळून ६५ मुलांचा अभ्यास केला; त्यांतील काहींच्या पालकांबरोबर काम झाले. खेळतानाचे चित्रण पालकांनाच दाखवून मुलाचा इशारा कुठे पकडला, कुठे सुटला, हे त्यांच्याशी बोलले जाई. ते करणारे डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सगळीच मापे सुधारली नव्हती. पण पालकांचे प्रतिसाद मुलाशी जुळू लागले आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. तज्ज्ञांची टंचाई असलेल्या देशात हे फार मोलाचे आहे.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे आजच्या पालघर जिल्ह्यात आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांसह कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हाच तिचा घटक बनला. घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचा दुसरा धडा गडचिरोलीने दिला. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले आणि आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींना त्यातून दिशा मिळाली. आता आशा तीन महिन्यांपासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी घरी येते. विकासाचे टप्पे पाहणे हेही तिचे काम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाला. फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडी तपासते आणि शंका असलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते. अडचण असते ती त्यापुढे. मोखाड्याच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला येणे म्हणजे मजुरीचा दिवस आणि एसटीचे भाडे. दोन-तीन खेपांनंतर येणे थांबते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ आराखडा आणला. अंगणवाडी सेविकेने पालकांना घरचे खेळ शिकवावेत, ही त्याची दिशा योग्य आहे. पण आहार, नोंदी आणि ॲप यांत अडकलेल्या सेविकेला त्यासाठी वेळ मोकळा करून द्यावाच लागेल.

या साऱ्यात आई एकटी पडते. नोकरी ती सोडते, सेंटरला ती नेते, आणि ‘काही खाल्लं असेल गरोदरपणात’ हे तीच ऐकते. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी आईच्या वागण्याने होत नाही. वडिलांनी रोजचे एक काम, आंघोळ किंवा रात्रीचे जेवण, पूर्णपणे आपल्याकडे घेतले तर मुलाला शिकायला दुसरे माणूस मिळते आणि आईला श्वास. निराश पालक चमत्काराच्या जाहिरातींकडेही वळतात. ऑटिझमसाठी स्टेम सेलचे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये शिफारस करण्याजोगे नसल्याचे स्पष्ट केले आहे, तरी त्यासाठी दागिने मोडले जातात. त्याच पैशांत कित्येक महिन्यांची थेरपी होते.

दोन-अडीच वर्षांनंतर घराबाहेरच्या मुलांची सोबत लागते. त्यापुढे शाळेतल्या सोयींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही येतात. प्रमाणपत्र काढले म्हणजे मुलावर शिक्का बसला, असे मानून अनेक घरे ते टाळतात. पण निरामय योजनेतील एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा, प्रवाससवलती आणि शाळेतल्या सोयी त्यावरच मिळतात. हा विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. सहाव्या वर्षी मूल पहिलीत जाते तेव्हा थेरपिस्टने एका पानावर लिहून द्यावे: मुलाला काय समजते, ते काय मागते, कशाने घाबरते, कुठे बसवल्यास चांगले ऐकते. वर्गशिक्षिकेला जाड वैद्यकीय फाइलपेक्षा ते पान अधिक उपयोगी पडते.