यंत्राला पाहायला शिकविणारे नाशिकचे प्राध्यापक

धानाच्या बांधीवर रात्री जागली करणाऱ्याला एकच प्रश्न छळतो: समोरच्या झुडपात हलले ते रानडुक्कर की वाघ? माणसाचा डोळा अंधारात थकतो. मग यंत्राला पाहायला शिकविता येईल काय? या शास्त्राला संगणकीय दृष्टी म्हणतात. त्यात मोठे काम केलेले एक गृहस्थ आपल्या महाराष्ट्राचेच आहेत.

डॉ. रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. 2002 मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली आणि 2008 पासून एमआयटी या नामांकित संस्थेत ते शिकवू लागले.

त्यांच्या गटाने 2011 मध्ये दाखविलेला कॅमेरा प्रकाशाची चालही टिपतो. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातील एका भागात तो केवळ 0.3 मिलिमीटर सरकतो! याच युक्तीवर 2012 मध्ये कोपऱ्याआडची वस्तू पाहण्याची रीत त्यांनी मांडली. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून पाणी किती खोलवर आहे ते समजते. तसेच भिंतीवर आपटून परतणाऱ्या प्रकाशाचा वेळ मोजून संगणक लपलेल्या वस्तूचा आकार काढतो.

आपल्या घराशी जवळचे काम म्हणजे 'नेत्रा'. ब्राझीलचे विद्यार्थी व्हिटर पाम्प्लोना यांच्यासह 2010 मध्ये केलेले हे छोटेसे भिंग मोबाइलच्या पडद्यावर बसविले जाते. त्यातून पाहत रेषा एकमेकींवर आणायच्या. त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो. 2016 मध्ये रासकरांना लेमेलसन-एमआयटी पुरस्काराचे पाच लाख डॉलर मिळाले. 2015 च्या नाशिक कुंभमेळ्यासाठी त्यांनी एमआयटीची मंडळी आणि स्थानिक तरुण यांना एकत्र कामाला लावले होते.

आता आपल्या झाडीपट्टीकडे वळू. अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे निघाली. इतकी छायाचित्रे माणसाने कधी पाहून व्हायची? चाळणी संगणकानेच केली. ताडोबालगतच्या सीतारामपेठ येथे 2023 मध्ये याच शास्त्रावर चालणारे कॅमेरे बसविण्यात आले. वाघ दिसताच गावात मोबाइलवर इशारा जावा, हा त्यामागचा हेतू.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅमेरा फक्त त्याच्या समोरचेच पाहतो; आपली वाट बदलण्याचे काम आपणच करावयाचे. मोहफुले वा तेंदूपाने वेचताना माणूस वाकलेला असतो, त्याचे लक्ष जमिनीवर असते. म्हणून फटफटण्यापूर्वी जंगलात शिरू नये, एकट्याने जाऊ नये, आणि एकाने उभे राहून चौफेर नजर ठेवावी. इशारा आला तर त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी चालेल, पण परत फिरावे.

आणि घरातले लेकरू पुस्तक नाकाशी धरून वाचत असेल, तर त्याला आळशी म्हणून रागावू नका. आधी डोळे तपासून घ्या. नंबराचा चष्मा लागला की फळ्यावरची अक्षरे त्याला स्पष्ट दिसू लागतील. नाशिकचा मुलगा एमआयटीत पोहोचला, तसे आपल्या झाडीतले लेकरूही पुढे का जाऊ नये?