कॅम्प नंबर दोनचा माल

विंचूरला आमचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. दिवाळीचा माल भरायला मी उल्हासनगरला जाते. सकाळी लासलगावला पंचवटी पकडायची, कल्याणला उतरायचं, तिथून लोकलने दुसरं स्टेशन. अर्धं आयुष्य या फेऱ्या केल्या, पण हे शहर मुळात निर्वासितांची छावणी होतं हे मला समजलं ते गजानन मार्केटमधल्या एका वयस्कर ठोक व्यापाऱ्याकडून. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो.

फाळणीत सिंध पाकिस्तानात गेला. जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल झाली आणि हिंदू सिंधी कुटुंबं बोटींनी मुंबईला येऊ लागली. त्यांना ठेवायचं कुठे? कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी रिकामी होती. सरकारने सुमारे १ लाख माणसं तिथे हलवली. आमच्या देवळालीच्या बराकींतही सिंधी कुटुंबं राहिली. गाडी देवळालीला थांबली की मला हे हटकून आठवतं.

दादा तेव्हा सहा वर्षांचे. एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं. मधे भिंत नाही, म्हणून त्यांच्या आईने रेशनच्या धान्याची गोणपाटं उसवून, जोडून पडदा शिवला. पलीकडचं मूल रडलं की अलीकडची बाई उठायची. छप्पर सरकारचं, धान्य सरकारचं. ते नसतं तर ही माणसं रस्त्यावर मेली असती, हे दादा आजही बोलून दाखवतात.

पण फुकटचं रेशन पुढे बंद झालं. आई पापड लाटायची, वडील ते लोकलमध्ये विकायचे. मग त्यांच्या सिंधमधल्या गावच्या पंचायतीतला एक माणूस जामीन राहिला आणि वडिलांना कापडाचा पहिला तागा उधार मिळाला. मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट. ज्याचं घरदार मागे राहिलं, ज्याला इथे कुणी ओळखत नाही, त्याला उधार कोण देणार? सरकार रेशनकार्ड देऊ शकतं, पत देऊ शकत नाही. ती आपल्या माणसांच्या शब्दावरच मिळते.

शिक्षणाचंही तसंच. हैदराबाद सिंधचे प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभं केलं. त्यांच्याच संस्थेचं चांदीबाई कॉलेज १९६५मध्ये उल्हासनगरात निघालं. सरकारही थांबलं नव्हतं. ८ ऑगस्ट १९४९ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी यांच्या हस्ते नव्या शहराची पायाभरणी झाली. १९५४मध्ये कायदा झाला आणि मागे राहिलेल्या मालमत्तेचे क्लेम मिळू लागले. पत्रे आणि प्लॉट वाटले की पुनर्वसन झालं असं मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने एकदा तरी या बाजारातून फिरून यावं.

दादा आता थकलेत, गल्ल्यावर मुलगा बसतो. बिलावर पत्ता मात्र अजून तोच छापलेला असतो: कॅम्प नंबर २.