रोजगार मेळाव्याला जाताय? मग एवढं कराच!

मैत्रिणींनो, "जालन्याला रोजगार मेळावा आहे, येतेस का?" असं शेजारच्या वहिनींनी विचारलं, तेव्हा मी धुणं वाळत घालत होते. लग्नाला बरीच वर्षं झालेली, बी. ए.ची पदवी ट्रंकेत, आणि आठवड्यातून चार दिवस इथं अंबडच्या एका शाळेत तासावर शिकवणं, एवढीच माझी कमाई. ह्यांचं दुकान दोन वर्षांपासून जेमतेम चाललेलं आणि थोरली आता सातवीत. म्हटलं, जाऊन तर पाहू! एस. टी.त 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट, तेव्हा खर्चाची सबबही नव्हती.

गेले, आणि हात हलवत परत आले. का, ते सांगते. म्हणजे तुमची फेरी तरी फुकट जायची नाही.

पहिल्याच टेबलावर विचारलं, "लग्नानंतर काय केलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, घरीच असते." त्या गृहस्थांनी मान डोलावली नि पुढच्या मुलीला हाक मारली. दुसऱ्या टेबलावर हिशेब लिहिण्याचं काम होतं, माझ्या मनासारखं. पण गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि दोन्ही नावं एकाच बाईची हे सांगणारा विवाह नोंदणीचा दाखला घरी कपाटात!

परतीच्या गाडीत स्वतःचाच राग आला. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळते, हजेरीपट लिहिते, दुकानाची उधारीची वही माझ्याच हातची, बचत गटाचा हिशेबही मीच ठेवते. मग "काही नाही" कसं म्हटलं मी?

जाण्यापूर्वी

आपल्या आईच्या वेळी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं आणि पत्राची वाट पाहायची, अशी रीत होती. आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातर्फे मेळावे भरतात आणि नोंदणी 'महास्वयं' संकेतस्थळावर होते. ती आधीच करून ठेवा. मोबाइलवर जमलं नाही तर मुलांची मदत घ्या, त्यात कसला कमीपणा?

कुठल्या प्रकारच्या कंपन्या येणार, हे विचारून घ्या. आपलं जालना म्हणजे लोखंडी सळया आणि बियाणं. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, तेव्हापासून बियाण्याच्या धंद्यात गावाचं नाव झालं. सळईच्या कारखान्यात फक्त भट्टीचंच काम असतं असं समजू नका. हिशेब, भांडार, संगणकावर नोंदी ही कामंही असतात. बियाण्याकडे प्रतवारी, पाकिटबंदी, उगवणीची तपासणी. आपल्याला काय जमेल, हे घरूनच ठरवून निघा.

माहितीपत्रक एका पानाचं पुरे. त्यात घरच्या घरी केलेलं कामही लिहा: किती वर्षं, किती जणींच्या गटाचा हिशेब, किती मुलांचा वर्ग. त्याच्या आठ-दहा प्रती, गुणपत्रिका, आधार, विवाहाचा दाखला आणि फोटो एका पिशवीत घाला. मूळ कागद फक्त दाखवायचे, कुणाच्या हाती सोपवून यायचे नाहीत.

मेळाव्यात

सकाळी लवकर पोचा. दुपारनंतर टेबलावरची माणसं दमलेली असतात. सगळ्या टेबलांवर धावू नका, चार-पाच निवडा. लहान मूल शक्यतो सासूबाईंकडे किंवा जावेकडे ठेवा. आणि विचारायला लाजू नका:

— नोकरी कंपनीच्या पटावर की ठेकेदाराकडे?
— पाळी कोणती, आणि सुटल्यावर शेवटची गाडी मिळेल का?
— हातात किती पडणार? समजा मूळ पगार 12 हजार आहे. त्यातून 12 टक्के भविष्य निर्वाह निधीचे 1,440 आणि कर्मचारी विम्याचे 90 रुपये गेले, तर हाती 10,470 उरतात. निधीचे पैसे आपलेच असतात, पण महिन्याचं गणित हातच्या रकमेवरच मांडायचं.
— तक्रार समिती आहे का? 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं ती हवीच.

तरुण मैत्रिणींनी बाळंतपणाच्या रजेचंही माहीत करून घ्यावं. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे आहे.

एक मात्र गाठ मारून ठेवा. सरकारी मेळाव्यात नोकरीसाठी एक पैसाही द्यायचा नसतो. "दोन हजार भरा, नाव वर घेतो" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा आणि केंद्राच्या अधिकाऱ्यांना सांगा.

परत आल्यावर

कुणाशी बोललात, काय ठरलं, ते त्याच रात्री वहीत लिहा. आठवड्यानं फोन करा. अनोळखी नंबर आला तरी उचला. कित्येकींची नोकरी न उचललेल्या फोनपायी हुकते!

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेले. या वेळी "लग्नानंतर काय केलंत?" ला माझ्याकडे पाच मिनिटांचं उत्तर होतं. एका ठिकाणी लगेच या म्हणाले, पण सुटी संध्याकाळी साडेसातला. रात्री ह्यांच्याशी नि सासूबाईंशी बोलून मी नाही कळवलं. नाही म्हणताना जीव तुटला, खोटं कशाला सांगू? वहिनींना मात्र बियाण्याच्या तपासणीचं काम मिळालं. पहिल्या पगारात त्यांनी लेकीची शाळेची फी भरली.

मला येत्या सोमवारी दुसऱ्या मुलाखतीला बोलावलं आहे. दुपारी चारला सुटणारं काम आहे. विवाहाचा दाखला आजच पिशवीत घालून ठेवलाय, बरं का!