जाम बोल्ट जोराला दाद का देत नाही

जुन्या गाडीचा बोल्ट हलेना की पान्याला लांब पाईप लावून ओढायचं, हा ठरलेला उपाय. त्यामागचा समज असा की बोल्ट फार घट्ट आवळलेला आहे. बहुतेक वेळा तो आवळल्यामुळे नव्हे, गंजामुळे अडकलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आणि आट्यांमधल्या फटीत ती जागा नसल्याने तो दोन्ही बाजूंना रेटत राहतो. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडतं. आता हिशेब बघा. 8.8 प्रतीचा 8 मिलिमीटरचा बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटरला आवळतात. 60 सेंटिमीटर पाईपच्या टोकाला 30 किलोचा जोर दिला, तर पीळ पडतो जवळजवळ 180 न्यूटन-मीटर, म्हणजे सातपट. गंजाची पकड सुटण्याआधीच डोकं तुटून हातात येतं. चाकाच्या नटांना पाईप चालतो, मग इथे का नाही, असं कुणी विचारेल. ते स्टड जाड असतात आणि नट अधूनमधून उघडले जातात, म्हणून चालतो. (जुन्या विलीस जीपच्या डाव्या चाकांना मात्र उलटे आटे असत, तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावणं म्हणजे नट आणखी आवळणं.)

तेलाबद्दलचा समज याच्या नेमका उलटा आहे: फवारा मारला की बोल्ट सुटला. डब्ल्यूडी-40 हे 1953 मध्ये तयार झालं ते मुळात धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. आत झिरपण्यासाठी बनवलेलं पातळ तेलही मिनिटभरात गंजलेल्या फटीतून पार होत नाही. रात्रभर मुरू द्यावं, मधूनमधून बोल्टच्या डोक्यावर हातोडीने ठोकावं, तेव्हा कुठे ते आत सरकतं. ॲल्युमिनियमच्या हेडमधल्या बंद भोकात तर ते तळापर्यंत पोचेलच असं नाही. तिथे उष्णता जास्त कामी येते, पण तिच्याविषयीही एक भ्रम आहे. नट तापवला तर त्याचं भोक आकसेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात भोकही मोठं होतं. म्हणून तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. आणि बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर त्याच्याभोवतीचा भाग, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. 8 मिलिमीटरच्या नटाचं तापमान 200 अंशांनी वाढलं तर भोक जेमतेम 0.02 मिलिमीटरने रुंदावतं. एवढ्याने काय होणार? गंजाचा थर ठिसूळ असतो, त्याला तडा जायला तेवढं पुरतं. मग एकाच दिशेने ओढत न बसता थोडं आवळा, थोडं सोडा, पुन्हा आवळा. तुटलेला चुरा आट्यांतून सरकतो.

लालबुंद करूनच बोल्ट सुटतो, असं सांगणारे कारागीर खोटं बोलत नाहीत. सायलेन्सरच्या जोडावर ते खरंच चालतं. मात्र इतक्या तापलेल्या 8.8 बोल्टचा कणखरपणा उतरतो, तो फेकून नवा घालावा. ब्रेकचा पाईप, पेट्रोलची टाकी किंवा रबरी बुश जवळ असेल तिथे ज्योत नेऊच नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर अजिबात नाही, कारण त्यातून विषारी फॉस्जीन वायू निघू शकतो. डोकं तुटलंच, तर उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करतात. त्याने पान्याला पकड मिळते, शिवाय वेल्डिंगची आच गंजाची पकड सैल करते.

नवा बोल्ट बसवताना आट्यांना अँटी-सीझ लावणं चांगलंच, पण तेव्हा कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क जसाच्या तसा वापरू नये. घर्षण घटल्याने तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.