बारा वर्षांच्या डेस्कटॉपवर पैसे कुठे घालावेत

पीक विम्याची मुदत संपत आली की कळंब, वाशी, भूम, परंडा, कुठेही जा, सेवा केंद्रापुढे रांग लागलेली असते. सातबारा, आधार, पासबुक हातात घेऊन माणसं उभी असतात आणि आत टेबलाखालचा डबा घरघरत असतो. एक पान उघडायला मिनिट, पीडीएफ अपलोड व्हायला त्याहून जास्त. चालक म्हणतो, सर्व्हर डाउन आहे. पुष्कळदा ते खरंही असतं. पण तेच संकेतस्थळ त्याच वेळी शेजारच्या मोबाइलवर झटकन उघडत असेल, तर दोष सर्व्हरचा नाही, डब्याचा आहे. नव्या डेस्कटॉपला पैसे नसतील तर या डब्यावर किती आणि नेमके कशावर घालावेत, ते पाहू.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातले जुने डेस्कटॉप साधारण एकाच पिढीतले दिसतात. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्प सुरू झाला आणि ग्रामपंचायतींत संगणक पोचले. त्याच्या आगेमागे एमएस-सीआयटीच्या वर्गांत, शाळांत, झेरॉक्सच्या दुकानांत सोलापूर-लातूरहून असेंबल करून आणलेले डबे आले. आत इंटेलचा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, दोन किंवा चार जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. हा डबा अजून कामाचा आहे. आय३-२१२० ला दोनच कोअर असले तरी त्याचा वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ आहे. फॉर्म भरणं, टायपिंग, प्रिंट, बँकेचं काम या सगळ्याला तो पुरून उरतो. अडतं दुसरीकडेच.

कुठे अडतं ते विकत काही घेण्याआधी बघून घ्या. संगणक सुरू करून रोजचं काम उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख वेगवेगळे दिसतात. हँग झाल्यासारखं वाटतं नेमक्या त्या क्षणी कोणता आलेख शंभराला टेकलाय ते पाहा. या पिढीच्या डब्यात प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर निवांत बसलेला आणि डिस्क शंभरावर चिकटलेली, असंच चित्र बहुधा दिसेल. मेमरीच्या पानावर रॅमचे किती स्लॉट भरलेत हेही लिहिलेलं असतं. ते कागदावर टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

डिस्क का अडते? हार्ड डिस्कच्या पोटात एक चकती मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि तिच्यावर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते. हवी ती माहिती दांडीखाली यायची तर सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. तो झाला चार मिलिसेकंदांच्या आसपास. दांडी योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे एका तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद, आणि सेकंदाला असे ऐंशीच्या आत-बाहेर तुकडे. ऐकायला हा वेग मोठा वाटतो, पण विंडोज सुरू होताना किंवा क्रोम उघडताना डिस्कवर विखुरलेल्या हजारो बारीक फायली वाचाव्या लागतात. त्यात अँटिव्हायरस आणि अपडेट मागून आपला हात घालतात. हे सगळं त्या एका दांडीपुढे रांगेत उभं राहतं. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये चकतीही नाही आणि दांडीही नाही. माहिती चिपमध्ये असते आणि एक तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येतो.

म्हणून पहिला खर्च एसएसडीवर. २४० किंवा २५६ जीबीची पुरते, कारण तिच्यावर फक्त विंडोज आणि प्रोग्राम ठेवायचे आहेत. फोटो आणि स्कॅन जुन्या डिस्कवरच राहू द्या. घेताना अडीच इंची, साटा जोडणीची मागा. दुकानदार पट्टीसारखी एनव्हीएमई दाखवेल, पण तिला बसायला एच६१ बोर्डावर जागाच नसते. एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला पाचशे एमबीहून जास्त वेग छापलेला असतो. एच६१ बोर्डाची साटा जोडणी जुन्या, तीन गिगाबिटच्या प्रकारची असल्यामुळे तुम्हाला त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याला हवा असलेला फायदा बारीक तुकडे झटपट मिळण्यात आहे, आणि तो या बोर्डावरही जवळजवळ पुरता मिळतो.

बसवणं अवघड नाही. वीज पूर्ण बंद करून प्लग काढा. एसएसडीला एक साटा केबल बोर्डाकडून येते आणि एक वीजजोडणी एसएमपीएसकडून. आत हलणारं काही नसल्यामुळे फ्रेम नसेल तर ती दुहेरी चिकटपट्टीने डब्याला चिकटवली तरी चालते. विंडोज टाकण्यापूर्वी मात्र बायोसमध्ये जाऊन साटाचा मोड ‘एएचसीआय’ आहे ना ते बघा. जुन्या बोर्डांवर तो कितीदा तरी ‘आयडीई’ ठेवलेला असतो. आयडीईवर विंडोज टाकलं आणि मग मोड बदलला तर ते सहसा सुरूच होत नाही आणि नसता खटाटोप करावा लागतो. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर घेता येते, पण मी नव्याने विंडोज टाकायलाच सांगेन. दहा वर्षांत साचलेला कचरा नव्या जागी नेण्यात काय अर्थ? विंडोज १०चा डिजिटल परवाना बोर्डाशी जोडलेला असतो. बोर्ड तोच असेल तर नव्या डिस्कवरही ते इंटरनेट मिळाल्यावर आपोआप सक्रिय होतं.

आता रॅम. चार जीबी असेल तर आठ करावी. दोनच असेल तर एसएसडीबरोबरच वाढवावी, थांबू नये. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर लिहून ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. म्हणजे कमी रॅमचा सगळा ताण शेवटी डिस्कवरच जातो. आणखी एक गोष्ट तपासा. सिस्टिमच्या माहितीत विंडोज ३२ बिट लिहिलं असेल तर आठ जीबी घालून उपयोग नाही, कारण नेहमीचं ३२ बिट विंडोज चार जीबीच्या वर पोचत नाही. आधी ६४ बिट टाका.

डीडीआर३ रॅम घेताना जपावं लागतं. बाजारात ‘ओन्ली फॉर एएमडी’ म्हणून स्वस्तात आठ जीबीच्या पट्ट्या मिळतात. त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत आणि नंतर दुकानदार परत घेत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला बसत नाही. तुमचा बोर्ड जी३१ असेल तर त्यात डीडीआर२ लागते आणि मर्यादाच चार जीबी, त्यामुळे तिथे एक रुपयाही घालू नये. पैशाचं म्हणाल तर या सगळ्या खरेदीत मी एकच कसोटी लावतो. आज घेतलेला भाग उद्याच्या डब्यात जाईल का? साटा एसएसडी जाईल. यूपीएस, मॉनिटर, कीबोर्ड जातील. डीडीआर३ रॅम आणि या बोर्डाचा प्रोसेसर कुठेच जाणार नाही. म्हणून एसएसडी नवी, पक्क्या बिलाची आणि तीन वर्षांच्या वॉरंटीची घ्यावी. रॅम जुनी, वापरलेली घेतली तरी चालेल, फक्त दुकानातच लावून चालते का ते बघून. २०२५ च्या शेवटी शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढायला सुरुवात केली आणि रॅम व एसएसडी दोन्हींचे भाव चढले. मागच्या वर्षी कुणी सांगितलेला भाव धरून बसू नका. धाराशिव, लातूर आणि सोलापूर अशा दोन-तीन ठिकाणी त्याच दिवशी फोन करून विचारा.

कधी कधी दुरुस्ती याहून कितीतरी स्वस्तात होते. संगणक सुरू केला की तारीख दरवेळी काही वर्षं मागे जाते आणि सरकारी संकेतस्थळं ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतात, असं होत असेल तर बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. तिचा क्रमांक सीआर२०३२, आणि ती पन्नास रुपयांच्या आसपास मिळते. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला एक ठरावीक मुदत असते. संगणकाच्या लेखी आजची तारीख त्या मुदतीच्या आधीची असेल तर ते प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. बॅटरी बदला, तारीख लावा, काम झालं. तसंच संगणक सुरू होताना नुसता बीप वाजत असेल तर रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि घट्ट बसवा. नवी रॅम घेण्याआधी हे करून बघायलाच हवं.

सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की गावभर बारीक भुसा उडतो आणि तो दारं-खिडक्यांतून आत येऊन पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत चिकटतो. हवा अडली की प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. उन्हाळ्यात चाळिसाच्या पुढे पारा गेला की दुपारी संगणक मंद आणि सकाळी बरा, असं ज्यांना जाणवतं त्यांनी आधी डबा अंगणात नेऊन साफ करावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढलाच तर वाळलेली थर्मल पेस्ट कापसाने पुसून नवी लावा, डाळीच्या दाण्याएवढी पुरते. इंटेलच्या हीटसिंकच्या चार पिना पुन्हा बसवताना चारही खटका ऐकू येईपर्यंत दाबल्या गेल्यात का ते बोर्डाच्या मागच्या बाजूने पाहा.

लाइटचा प्रश्न या सगळ्याहून मोठा. एसएसडीला लिहिणं चालू असताना अचानक वीज गेलेली मानवत नाही. म्हणून यूपीएसची बॅटरी मेली असेल तर ती आधी बदला. बहुतेक लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती दम सोडते. पूर्ण यूपीएस नवा घ्यायची गरज नसते. डब्याच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात का? मग भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून अर्थकडे लहान कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थची वाटच बंद असेल तर पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्म्याच्या आसपास दाब राहतो. करंट अगदी थोडा असल्याने मोठा झटका बसत नाही, पण नव्या भागांच्या आणि माणसांच्या दृष्टीने ते बरं नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग चालत नाही. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायला हवं.

राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापराच्या संगणकांना नावनोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ती नोंदणी होते. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आपला आय३ त्यात बसत नाही. आडमार्गाने टाकता येतं, पण ज्या संगणकावर लोकांच्या बँकेचे व्यवहार आणि आधारचे ठसे चालतात तिथे मी तो मार्ग सुचवणार नाही. मुलांच्या अभ्यासाला, टायपिंगला, इंटरनेटला लिनक्स मिंट उत्तम चालतं. फुकट आहे, चार जीबीतही हलकं पळतं आणि मराठी युनिकोड टायपिंगही होतं. सेवा केंद्राने मात्र आधी आपल्या बोटांच्या ठशांच्या यंत्राचा आणि डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्सवरचा ड्रायव्हर मिळतो का ते कंपनीकडे विचारावं. न मिळाल्यास आज एसएसडी घालून सुरक्षेचे अपडेट मिळतात तोवर काढावं आणि मग कार्यालयांतून निघालेला आठव्या पिढीचा डबा घेऊन तीच एसएसडी त्यात बसवावी. प्रोसेसर बदलून आय५ घालायचा मोह मात्र आवरा. बायोस, जास्त उष्णता आणि जुना एसएमपीएस अशी एकेक अडचण मागून येते.

जुनी हार्ड डिस्क चालती असेल तर ती डब्यातच दुसरी डिस्क म्हणून ठेवा, किंवा यूएसबीच्या केसमध्ये घालून तिच्यावर दर आठवड्याला बॅकअप घ्या. विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर तिच्यावर वर्षानुवर्षांच्या ग्राहकांचे आधार, पासबुक, सातबाऱ्यांचे स्कॅन आहेत हे विसरू नका. फायली डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला किंवा क्विक फॉरमॅट मारला तरी त्या परत काढता येतात. ड्राइव्ह फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून टाका. मग विंडोज पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितं. ५०० जीबीला काही तास लागतात, म्हणून संध्याकाळी लावा आणि यूपीएस जोडलेला असू द्या.