मसाल्याच्या डब्यातले बुरशीनाशक

पावसाळ्यात मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे कुंडीत छान उगवतात आणि थोड्याच दिवसांत एकेक करून कोलमडतात. मातीलगतचा देठ मऊ, तपकिरी होतो आणि रोप आडवे पडते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सततच्या ओलाव्यात मातीतल्या बुरशीचे फावते, त्याचाच हा परिणाम.

अशा वेळी शेजारच्या बागायतदाराकडून 'थोडेसे औषध' मागून आणले जाते, तेही बहुधा पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीतून. डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती या बाटलीची. त्यात अनेकदा कीटकनाशक असते आणि त्याचा बुरशीवर काही उपयोग होत नाही. उरलेले औषध मात्र मोरीत किंवा खिडकीत, मुलांच्या हाताला लागेल असे पडून राहते.

चार कुंड्यांसाठी हा धोका पत्करण्याची गरज नाही. घरातली दालचिनी इथे कामाला येते. दालचिनी आपल्याला परकी नाही. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने रुजवलेल्या 'लाखी बागे'त नारळाच्या सावलीत जायफळ, मिरी यांच्याबरोबर तीही असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही तिची जात विकसित केली आहे. तिच्या सालीतल्या तेलात सिनॅमाल्डिहाइड हा मुख्य घटक असतो. दालचिनीचा वास त्याचाच. अनेक बुरशींची वाढ तो रोखतो, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे.

वापर सोपा आहे. बी पेरल्यावर किंवा रोपे उगवताच मातीच्या पृष्ठभागावर ताज्या पुडीचा पातळ थर भुरभुरावा. फांदी छाटल्यावर कापलेल्या जागी चिमूटभर लावावी. पूड मुळांना चोळू नये, कोवळ्या मुळांना ती सोसत नाही. पूड भुरभुरताना नाकातोंडावर रुमाल बांधावा. दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. कुंडीत पाणी साचत असेल तर दालचिनी रोप वाचवू शकत नाही. आधी तळाची भोके मोकळी करावीत, मातीत वाळू मिसळावी, बी विरळ पेरावे. कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. हा उपाय आहे तो उरलेल्या रोपांसाठी. बागायतीलाही तो पुरणार नाही. सुपारीच्या कोळे रोगाला एक टक्का बोर्डो मिश्रणच फवारावे लागते, आणि ते कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने व पूर्ण काळजी घेऊन.

ही काळजी किती महत्त्वाची आहे, हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने दाखवून दिले. कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने तिथे वीसहून अधिक जण दगावले. शेकडो जणांवर उपचार करावे लागले. त्यांच्यापैकी कोणीही औषध प्यायले नव्हते. विष कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जाते.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. मग लाळ, घाम, उलट्या, जुलाब सुरू होतात. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो. यावर अॅट्रोपिनचे इंजेक्शन आहे. पण रुग्ण वेळेत पोहोचला तरच त्याचा उपयोग.

म्हणून असे काही घडल्यास रुग्णाचे कपडे लगेच काढावेत आणि अंग साबणाने धुवावे. हे करणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी. उलटी करवू नये. दूध किंवा मिठाचे पाणी पाजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची मूळ बाटली सोबत आणावी. नाव कळले की उपचारांची दिशा ठरते. शीतपेयाच्या बाटलीवर ते नाव नसते.

आज घरी एकदा पाहून घ्या. बिननावाच्या बाटलीत कसले औषध असेल तर ते गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते कुलपात ठेवा आणि कृषी सहायकांना विचारून त्याची विल्हेवाट लावा. कुंडीतल्या रोपांसाठी चमचाभर दालचिनी आणि मोकळा निचरा एवढे बहुतेक वेळा पुरते.