अकराशे दोरांपलीकडचा कातळ

आमच्या रविवारच्या प्रस्तरारोहणाच्या शिबिरात माझ्याकडे रांगेतली मुलं असतात. दोर दोनच, म्हणून कातळावर एका वेळी दोघंच चढतात. बाकीची वीस-बावीस मुलं खाली बसून वाट बघतात. निम्म्यांना आपला नंबर कधी लागतो असं झालेलं असतं आणि निम्म्यांना तो लागूच नये असं वाटत असतं. अशा वेळी आजोबांनी गोष्ट सांगायची, हे आमच्यात कधीचंच ठरून गेलंय.

परवा महापालिकेच्या शाळेतली सहावी-सातवीची मुलं आली होती. आमचा कातळ जेमतेम ४० फुटांचा, पण तिथून सिंहगड समोर दिसतो. मुलं उजाडताना पोचली. दादा आणि ताई मंडळी त्याआधी तासभर, डोक्याला विजेरी बांधून, वर दोर बसवत होती. आदल्या रात्री त्यांनी तो दोर वीत-वीत करून बोटांतून सरकवून पाहिलेला असतो. वरच्या विणीखाली कुठे मऊ किंवा खोलगट लागलं, तर तो दोर बाद. आठवडाभर कुणी बँकेत, कुणी कारखान्यात, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे इथे. पैसे कुणी घेत नाही. दुसऱ्याचं पोर आपल्या हातातल्या दोरावर आहे, ही जाणीव ठेवून तीन-तीन तास मान वर करून उभं राहणं किती अवघड असतं, ते मला माहीत आहे. गुडघे साथ देत होते तोवर तेच माझं काम होतं.

“आजोबा, हा डोंगर कुणी बांधला?” दोन वेण्यांतल्या एका मुलीने विचारलं.

झकास प्रश्न! हेल्मेट काढू नका, आणि ऐका.

हा दोर ६० मीटर लांब आहे. आपण असं धरू, की दोराचा एक मीटर म्हणजे एक हजार वर्षं. तुझ्या कमरेपाशी गाठ आहे, ती म्हणजे आज. आता मागे मागे जायचं. तानाजी मालुसरे समोरचा गड चढले १६७० साली. ते या दोरावर कुठे येतील? गाठीपासून दीड वीत! बस, एवढंच. दोन मीटरांवर सातवाहन राजे. दोराच्या दुसऱ्या टोकाला गेलात तर ६० हजार वर्षं झाली. तरी हा कातळ अजून सापडला नाही. असे दोर एकापुढे एक जोडत जायचं. शंभर नाही, पाचशे नाही, तब्बल ११००! पुण्याहून निघालेला दोर लोणावळ्याला पोचला, की त्या टोकाशी आपला कातळ जन्माला येतोय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी.

तेव्हा सह्याद्री नव्हता. आपली भूमीसुद्धा इथे नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या बाजूला, आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत होती. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस वर आला. तापमान ११०० अंशांच्याही वर. चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नका. पाक सांडावा तसा तो रस मैलोन् मैल पसरत गेला. एक थर आला, निवला, शांत झाला. वाऱ्यापावसाने त्याच्या पाठीवर माती झाली. मग पुन्हा भेगा उघडल्या आणि दुसरा थर त्या मातीवर येऊन बसला. आव्यात वीट भाजते तशी ती माती खाली भाजून निघाली, लालबुंद झाली. वर बघा, पंचवीस फुटांवर ती तांबडी पट्टी दिसते? तीच ती माती.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. नंबर नको असलेल्यांच्यासुद्धा.

असे थरावर थर चढत गेले. सह्याद्रीत त्यांची जाडी दीड किलोमीटरच्याही वर भरते. टणक थराचा उभा कडा राहतो, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा. दुरून पाहिलं तर जिनाच. म्हणून परदेशी अभ्यासकांनी या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटलं. मूळ शब्द स्वीडनकडचा, अर्थ पायरी. चढायला आलेल्या पोरांसाठी याहून चांगलं नाव कुठून मिळणार?

मग मी खिशातला खडा काढून त्यांच्या हातात दिला. काळा, आणि त्याच्या एका पोकळीत पांढऱ्या सुयांचा झुबका. आई तव्यावर आंबोळी टाकते, तेव्हा जाळी का पडते? बुडबुडे वर येऊन फुटतात म्हणून. शिलारसातही वायूचे बुडबुडे होते. ते वर चढले, तेवढ्यात थर आळला आणि पोकळ्या तशाच राहिल्या. पुढे पाणी झिरपत राहिलं, त्याने विरघळलेली खनिजं आणली आणि त्या पोकळ्यांत हे स्फटिक भरले. खडा हातोहात फिरला. एकाने तो गालाला लावून पाहिला.

“आजोबा, घोरपड लावून चढू ना!” मागून आवाज आला. तानाजींची घोरपड दंतकथाच आहे, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. पण घोरपड चढते ती नखांनी. बारीक खाचेत नख अडकवते आणि सगळं अंग त्यावर तोलते. भिंतीवरच्या पालीचं तंत्र वेगळं. तिच्या एकेका पावलावर लाखो सूक्ष्म केस, प्रत्येकाला शेकडो फाटे. ते भिंतीला इतके लगटतात, की रेणूंमधल्या ओढीवर तिचं वजन पेललं जातं. गुळगुळीत काचेवरही ती चालते. आपल्याकडे ते केस नाहीत. आपण घोरपडीसारखी खाच शोधायची.

आणि खाच सापडली तरी आधी ठोकायचं. बाजारात माठ घेताना टिचकी मारून बघतात ना, तसं. टणक आवाज आला तर धरा, पोकळ आला तर सोडा. हा खडक कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो. विशीत असताना मी न ठोकता एक दगड धरला आणि तो माझ्या हातात आला. खाली दोर धरून उभ्या असलेल्या मित्राच्या खांद्याला घासून गेला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पलीकडच्या उंच कड्याकडे मात्र आम्ही मुलांना नेत नाही. तिथे आग्या मोहोळ लटकतं. गांधीलमाशी जवळ आली, की पोळ्यावरच्या माश्या एकीपाठोपाठ एक पोट उचलतात आणि वाऱ्याने पिकावरून लाट जावी तशी लाट पोळ्यावरून सरकते. शत्रू बिचकतो. दुरून दुर्बिणीने पाहावं असं ते दृश्य आहे. जागा त्यांची आहे.

तेवढ्यात दोन वेण्यांचा नंबर लागला.

पंधरा फूट ती भराभर गेली. मग अडकली. दोन्ही हातांनी कातळ घट्ट आवळलेला, पोटऱ्या थरथरतायत. ताईने खालून विचारलं, “खाली यायचंय का गं?” आमच्याकडे मूल ‘खाली’ म्हणालं, की लगेच खाली आणतात, गळ घालायची नाही, चिडवायचं नाही. भीती ज्याची त्याला ठाऊक. माझ्या लेखी सगळ्या शिबिरातला हा सर्वांत मोलाचा नियम आहे.

तिने मान हलवली. नाही.

“मग एक हात खाली सोड आणि झटक,” ताई म्हणाली. मूठ आवळून धरली, की स्नायू रक्तवाहिन्या दाबतात, रक्त पोचत नाही आणि हात भरून येतो. सैल सोडला, की पुन्हा वाहतं. तिने एक हात झटकला, मग दुसरा.

मी ओरडलो, “आंबोळीची जाळी शोध!”

तिचा हात कातळावरून हळूहळू फिरू लागला. उजवीकडे, कोपराच्या उंचीवर, दोन बोटं एका भोकात शिरली. बोटं बाहेर काढून तिने शेजारी टिचकी मारली, कान लावून ऐकलं, पुन्हा बोटं घातली. मग पाय. मग दुसरा पाय. तांबड्या पट्टीपाशी झिजून झालेला हातभर रुंद कट्टा आहे, तिथे ती पोचली आणि उभी राहिली. दोर ताणला गेला. तिने तळवा त्या लाल मातीवर टेकवला.

“आजोबा!” वरून हाक आली. “आता गार झालीय!”

त्या दिवशी ती माथ्यापर्यंत गेली नाही. तिथूनच खाली आली. गाठ सोडायला ताई पुढे झाली, तर तिने थांबवलं. गाठीपासून दोरावर आधी एक वीत घातली, मग अर्धी, आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला लाल बोटाने जागा दाखवली, “हे बघ, तानाजी इथे.”